बेसमेंटमधला तोफगोळा

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळाच्या पिकनिकला नीलांबरी पोरांना गोष्ट सांगत होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच कादंबरीकाराची. विमानं उडायच्या आधीच या बाबाने कागदावर पाणबुडी फिरवली होती, तोफेच्या गोळ्यात माणसं बसवून थेट चंद्राकडे उडवली होती...

"वाटेत चटणी होईल त्यांची," मागून आवाज आला. हातात भेळेची प्लेट, कपाळावर केस – निहार, पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. "तोफेचा धक्काच इतका बसेल ना."

"लोकांच्या लग्नातही असंच मधे बोलता का हो तुम्ही?"

"बोलवून बघा."

पोरं "ऊऊऊ" करून ओरडली. नीलांबरीचे कान तापले. नागपूरच्या उन्हातही असे तापले नव्हते.

मंडळाच्या अध्यक्षांना, गुरुनाथकाकांना, भांडण दिसलं की कमिटी सुचते. त्यांनी गणपतीच्या कार्यक्रमात याच गोष्टीचं बालनाट्य ठेवलं. नाटक तिने लिहायचं, गोळा त्याने बनवायचा, काकांच्या बेसमेंटमध्ये. मग उन्हाळाभर दर शनिवारी दोघं तिथे. ती संवाद वाचायची, तो प्लायवूड घासायचा... आणि मधेच थांबून नुसता बघायचा. बोलायचा मात्र स्क्रूबद्दल! एवढं डोकं देऊन देवाने याची जीभ का काढून घेतली, कोण जाणे.

अशात तिला दोन हजार मैलांवरच्या सांता क्लाराहून जॉबची ऑफर आली. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. त्याआधी हा मुखदुर्बळ काही बोलला तर बोलला. नाहीतर संपलंच.

शनिवारी, कार्यक्रमाच्या सकाळी, गोळा जिन्याच्या वळणावर अडकला. वर नीलांबरी, खाली निहार, मधे चंदेरी रंगाचा अगडबंब भोपळा.

"कमिटीत चार इंजिनिअर," काका कडाडले, "आणि जिन्याचं माप एकानेही घेतलं नाही? डिग्र्यांचं काय लोणचं घालायचंय?" आणि तरातरा करवत आणायला गेले.

गोळ्याच्या समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार निहारचा अर्धा चेहरा दिसला.

"खरंच माप घेतलं नव्हतंस?"

"घेतलं होतं... दुसऱ्याच शनिवारी."

"मग?"

"लहान केला असता तर लगेच संपला असता. मग – तू कशाला आली असतीस?"

तिला हसू फुटत होतं आणि संतापही येत होता. "मूर्खा! सरळ बोलता येत नव्हतं? सोमवारी मी सांता क्लाराला हो म्हणणारेय."

"म्हण की. मी कुठे अडवतोय?"

"अडवलायस की! अख्खा जिना!"

तो हसला नाही. खिडकीतून हात वर आला – चंदेरी रंगाने माखलेला, बोटाला चिकटपट्टी. "तू जा. मीपण तिकडे जॉब शोधतो. नीलांबरी... मला तू आवडतेस यार. चटणी झाली तरी चालेल."

तिने तो हात घट्ट धरला.

काका करवत घेऊन आले, हातात हात पाहिले आणि जागीच थबकले. "आता हे कापू, की अक्षता आणू?"

"कापा, काका. हॉलवर जोडू," हात न सोडता ती म्हणाली. "आणि पुढचा गोळा सांता क्लारात बांधू. तिकडच्या घरांना बेसमेंटच नसतं... बाहेर तरी निघेल."