तिसरी दृष्टिरेषा

त्या काळी ‘पत्रिका जमत नाही’ असं खोटंच कळवून मोकळं होण्याची सोय उरली नव्हती. लोक कळवायचे, सवय थोडीच जाते. पण दुसऱ्याच दिवशी मुलीकडच्यांना समजायचं की पत्रिका उघडलीच गेली नाही, नजर पगाराच्या आकड्यावरून फोटोवर गेली आणि तिथून उठून चालती झाली. ही सगळी वेधबिंदूची करामत होती.

म्हणून नाडकर्ण्यांकडून तेच उत्तर आलं तेव्हा प्रमिलाबाई रांगणेकर खवळल्या. हे अकरावं स्थळ. त्यांच्या ऋजुताच्या डाव्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा व्रण होता. नऊ वर्षांची असताना दिवाळीत भुईनळा फुटला, आणि तो पेटवायला फुलबाजी तिच्या हातात प्रमिलाबाईंनीच दिली होती. नाडकर्णीबाई फोनवर इतक्या गोड बोलल्या होत्या की या वेळी आशा लागली होती. आता त्यांचं खोटं पुराव्यानिशी त्यांना दाखवायचं, असं एक झणझणीत पत्र प्रमिलाबाईंनी मनात लिहूनही टाकलं. बायोडेटा रिवाजाप्रमाणे मुलीच्याच खात्यावरून गेला होता. पासवर्ड, त्या घरातल्या सगळ्या पासवर्डांसारखा, कॅलेंडरच्या मागच्या पानावर होता. तो उतरवून घेऊन, ऋजुताला न सांगता, त्या भाचीकडे गेल्या.

भाची अन्विता पाषाणच्या एका संशोधन संस्थेत याच बिंदूंचा अभ्यास करायची. तिने मावशीला आधी चहा पाजला आणि मग समजावून सांगितलं.

“बिंदू म्हणजे एक चित्रच असतं, मावशी. एका ठिपक्याएवढं, पानाच्याच रंगाचं, म्हणून दिसत नाही. मेल उघडलं की ते चित्र आणायला आपला पडदा पाठवणाऱ्याच्या दारात जातो. आणायला गेलेल्याचं पाऊल उमटतंच. पूर्वी त्या पावलावरून एवढंच कळायचं, की मेल कधी उघडलं, कुठून उघडलं.”

“मग बघणं कसं कळतं?”

त्याचं असं होतं, की नवे पडदे वाचणाऱ्याचे डोळे बघून अक्षरं उजळवत. नजर कुठे थांबली, बाहुली कुठे रुंदावली, पापणी कुठे मिटली, हे त्यांना ठाऊक असे, आणि बिंदू तेही गुपचूप घेऊन येई. नजरेच्या या वाटेला अन्विताच्या क्षेत्रात दृष्टिरेषा म्हणत.

तिने खोलीतला दिवा मालवला. समोरच्या भिंतीवर ऋजुताचा बायोडेटा फिकट उमटला आणि त्यावरून एक सोनेरी रेघ हळूहळू चालू लागली. प्रमिलाबाई राग विसरून बघत राहिल्या. एका बाईचं बघणं, जे तिच्या नवऱ्यालाही कधी दिसलं नसेल, ते भिंतीवर लखलखत होतं. आपण देवळात उभ्या आहोत असं त्यांना वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

ती रेघ नाडकर्णीबाईंची होती. ती फोटोतल्या व्रणावर थांबली, अकरा सेकंद, न बिचकता, जशी ती कपाळावरही थांबली होती. मग तिने पत्रिका उघडली आणि चाळीस मिनिटं ती सप्तमातल्या मंगळापाशी घुटमळत राहिली. दुसरी रेघ मुलाची. ऋजुताच्या देवरायांवरच्या कामाची ओळ त्याने तीनदा वाचली होती. माणसं खरं बोलली होती. मनातलं झणझणीत पत्र प्रमिलाबाईंनी मनातच फाडलं.

पण तिसरी एक रेघ होती. ती फोटोतल्या अर्ध्या चेहऱ्यावरून नाकापर्यंत येई आणि तिथून उडी मारून थेट केसांवर जाई. मेल चौदा वेळा उघडलेलं, आणि चौदाही वेळा डावा गाल वगळलेला.

“ही कोण गं?” प्रमिलाबाई फणकारल्या. “आत्याबित्या असेल मुलाची. पोरीकडे धड बघवतसुद्धा नाही हिला.”

अन्विताने रेघेखालचा पत्ता वाचला. मग म्हणाली, “मावशी, मेलची एक प्रत तुला आली होती.”

प्रमिलाबाई खुर्चीत बसल्या. भुईनळ्याच्या त्या रात्रीपासून किती वर्षं झाली ते त्यांनी मोजलं आणि त्यांना रडू आलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, की हे आणखी कोणाला कळतं.

“खातं ऋजुताचं आहे. रेषा तिच्याकडेच जातात.” अन्विताने नोंद बघितली. “पहिल्या स्थळापासून, सहा वर्षं. दर वेळी तिने आधी तिसरी उघडलीय.”

रिक्षात प्रमिलाबाईंना आठवलं, की सहा वर्षांपूर्वी ऋजुताने जेवणाच्या टेबलावरची आपली जागा बदलली होती. पंख्याचा वारा लागतो म्हणाली होती. तेव्हापासून आईच्या बाजूला तिचा उजवा गाल असे.

त्या दिवशी जेवताना प्रमिलाबाईंनी आपलं ताट उचललं, वळसा घालून त्या लेकीच्या डाव्या हाताला जाऊन बसल्या, आणि त्यांनी बघितलं. नीट, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत.

ऋजुताचा हात गालाकडे गेला. मान वर न करता ती म्हणाली, “आई, तिथे वारा लागेल तुला.”