अमंदसचा चेहरा

माझ्या ट्रोफिमस मामाला त्या एका चेहऱ्यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगते. ऑस्टिया बंदरातल्या धान्य मोजणाऱ्यांच्या अंत्यविधी मंडळाचं सगळं काम. मंडळात माणसं भरपूर, आणि माणसं मरायची थांबत नाहीत. म्हणजे मामाला म्हातारपणापर्यंत भाकरीची चिंता नव्हती.

त्यासाठी फक्त मंडळाच्या प्रमुखाची बायको ख्रेस्ते खूश व्हायला हवी होती.

पुढचं सगळं खरं घडलेलं आहे. घरदेवांवर हात ठेवून सांगते. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर जरूर वाचावं. हे भर दुपारी घडलं, वेशीबाहेरच्या थडग्यांच्या रस्त्यावर, मेलेल्यांचे चेहरे घडवायच्या मामाच्या कारखान्यात.

ख्रेस्तेचा मुलगा अमंदस तापानं गेला. दोन वर्षांचा होता.

त्याच्या चेहऱ्याचा साचा घ्यायला मामाला बोलावलं. चिता रचून तयार होती, लोक घाई करत होते. मामानं प्लास्टर सुकायच्या आत उचललं.

कारखान्यात येऊन फडकं सोडलं, तर नाक गेलेलं. गालांचा भुगा.

तोवर चिता पेटून धूर चढला होता.

मामानं जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कोपऱ्यात चटईवर माझी धाकटी बहीण प्रिमिल्ला झोपली होती. तीही दोनच वर्षांची. मामानं तिच्या तोंडाला तेल फासलं, नाकपुड्यांत पोकळ काड्या घातल्या, आणि प्लास्टर ओतलं.

आई धुण्याला गेली होती. मी बघत होते, तर मामा मलाच समजावू लागला. या वयाची पोरं सगळी सारखीच, दोन गाल आणि मध्ये एवढंसं नाक, आई तरी कशी ओळखणार.

नवव्या दिवशी थडग्यापाशी जेवण होतं. अंडी, मसूर, पाव. कोनाड्यात रंगवलेला मेणाचा चेहरा बसवला. खाली छातीवर मामानं सोन्याचा ताईतही काढला होता, मुलगा दिसावा म्हणून.

ख्रेस्ते बराच वेळ बघत राहिली. मामाच्या कपाळावर घाम होता.

"हाच," ती म्हणाली. "हाच माझा अमंदस."

तिनं त्याचा मुका घेतला. आईनं कोनाड्याकडे बघितलं. मग मांडीवरच्या प्रिमिल्लाकडे. मग मामाकडे. समोर मंडळाची सगळी मोठी माणसं जेवत होती. आईनं पुढचं अंडं सोलायला घेतलं.

मेलेल्याला पाजायला खालच्या राखेच्या कलशापर्यंत एक नळी गेली होती. ख्रेस्तेनं त्या चेहऱ्याकडे बघत नळीत दूध ओतलं.

"अमंदस, ये रे. दूध पी."

दूध नळीत गेलं. खाली पडल्याचा आवाज...

आलाच नाही.

आईच्या मांडीवर प्रिमिल्लानं घोट गिळला. मग आणखी एक.

तिच्या हनुवटीवरून पांढरा ओघळ उतरला.

तिच्या हातात फक्त कोरडा पाव होता.

त्यानंतर ख्रेस्ते रोज दुपारी यायची. तिची हाक कारखान्यापर्यंत यायची. हाक आली की प्रिमिल्ला हातातलं खेळणं टाकून उठायची आणि दाराकडे चालू लागायची. घरी ती काही खात नव्हती. तरी गाल मात्र वर येत होते.

आणि तिच्या स्वतःच्या नावानं बोलावलं तर...

ती वळूनही बघत नव्हती.

एकदा ती थडग्यापाशीच सापडली. नळीच्या तोंडाला कान लावून बसली होती.

"दादा, जाऊन सांग ख्रेस्तेला," आई मामाला म्हणाली.

"काय सांगू? तुझ्या पोराचं तोंड मी मोडलं म्हणून?"

"हो. तेच."

"मंडळ जाईल."

"पोरगी जाईल, दादा."

मामा हसला. बायका दुपारी उपाशी राहिल्या की त्यांना काहीही दिसतं, असं काहीतरी बोलला. पण दुसऱ्या दिवशी तो हसू शकला नाही.

कारखान्यात आई, मामा आणि मी, तिघंच होतो. बाहेर ऊन तापलेलं, रस्ता रिकामा. कोपऱ्यातल्या ताज्या प्लास्टरच्या कुंडीतून आवाज आला...

थप्.

आम्ही जाऊन पाहिलं. ओल्या प्लास्टरमध्ये एक खळगा पडला होता. मिटलेले डोळे. छोटं नाक. हनुवटीच्या मधोमध खळी.

प्रिमिल्लाच्या हनुवटीला खळी नाही. अमंदसच्या होती, गावभर माहीत होतं.

भुवईचा केस न् केस उमटला होता. आणि कुंडीच्या काठावर दोन इवल्याशा तळहातांचे ठसे, वाकताना टेकलेले.

"तो स्वतः आलाय," आई म्हणाली. "साचा द्यायला आलाय. मेण ओत दादा. आपण दोघं जाऊ तिच्याकडे, मी बोलते."

मामानं मेणाचं भांडं उचललंसुद्धा.

तेवढ्यात रस्त्यावरून मंडळाच्या कारभाऱ्यानं हाक दिली. "ट्रोफिमस, आहेस का रे? काम आणलंय. बाई तुझं कौतुक करून थकत नाही."

मामानं भांडं खाली ठेवलं.

दुसरा चेहरा निघाला असता, तर पहिला कुणाचा, हे कुणीतरी विचारलंच असतं.

त्यानं तळहात कुंडीत घातला आणि खळगा सपाट केला. कारभाऱ्याला "आलो, आलो" म्हणत बाहेर गेला. त्याचा हात कोपरापर्यंत पांढरा होता. नंतर एकदा दारूच्या भरात म्हणाला, पुसताना हाताला श्वास लागला होता. गरम.

दुसऱ्या दुपारी पुन्हा... थप्.

मामानं पुन्हा पुसलं.

तिसऱ्या वेळी ठसा फार उथळ होता. कुणी थकून टेकल्यासारखा. तोही पुसला.

मग कुंडीतून कधी आवाज आला नाही.

आईनं आम्हा दोघींना घेऊन प्रेनेस्तेला मावशीचं घर गाठलं. तिथवर हाक पोहोचत नव्हती. प्रिमिल्ला जगली, तिचं लग्न झालं, मुलं झाली. पण नावानं बोलावलं की ती आधी इकडेतिकडे बघते, मग उठते. आणि भर दुपारी, कुठेही असली तरी, मध्येच थांबून घोट गिळते.

ख्रेस्तेला जाऊन किती वर्षं झाली. मग तिथे आता दूध कोण ओततं, ते मी विचारत नाही.

मामाला मंडळ मिळालं. माझं लग्नही त्याच कामाच्या पैशावर झालं. ख्रेस्तेला मुके घ्यायला एक चेहरा मिळाला. प्रिमिल्लाला दुसऱ्याचं दूध मिळालं.

अमंदस तीनदा आला. तीनदा आम्ही त्याला पुसलं.