जहाजावरचा हसरा जवान

शिडीवर चढून तिनं तो भलामोठा फोटो भिंतीवर टांगला, मागे वळली... आणि फोटोतला माणूस खाली उभा! तेच डोळे, समोरच्या दोन दातांत तीच फट. तिच्या हातातली हातोडी सुटली ती थेट त्याच्या पायाशी.

"अहो, थोडक्यात वाचलो!" तो दचकून मागे सरला. "भूत नाहीये मी. दातांचा डॉक्टर आहे."

"मग स्वतःच्या दातांतली फट तेवढी—" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

"ती नाही बुजवायची, घराण्याची आहे." तो हसला. मग त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हे... हे तर माझे आजोबा."

ती त्या संग्रहालयात युद्धाची संशोधक होती. मागच्या मोठ्या युद्धात आपल्या सैनिकांनी समुद्रातून होड्या नेऊन शत्रूच्या बंदरावर छापा घातला होता. त्यात कोणती तुकडी होती, कोण परतलं, कोण नाही, हे शोधता शोधता पोरीचे डोळे आणि लग्नाचं वय दोन्ही चाललीत, असं तिची आई म्हणायची. फोटोखालची ओळ तिचीच होती : 'छाप्याहून सुखरूप परतलेला जवान.'

"सुखरूप?" डॉक्टर पुटपुटला. "आजोबा तर त्या किनाऱ्यावरच गेले. बाबांचा जन्मही त्यानंतरचा."

"खांद्यावरची पट्टी बघा ना. तुकडी तीच आहे. भिजलेले कपडे, पाठीमागे जहाज... यात चूक नाही हो," ती ठामपणे म्हणाली.

मग आजोबा गेले कुठे? ते शोधायला डॉक्टर रोज दवाखाना आटोपून येऊ लागला. दोघं एकाच टेबलाशी कागद चाळत बसत. बोटाला बोट लागलं की दोघंही उगाचच घसा खाकरत.

"आजोबांसाठीच येता ना रोज?" तिनं एकदा मान वर न करता विचारलं.

"आजोबांसाठी... सुद्धा," तो म्हणाला. तिनं तोच कागद तीनदा वाचला.

आणि एके संध्याकाळी तो आला तो पडक्या चेहऱ्यानं. "बाबांनी आजोबांची तसबीर उतरवून ठेवली. म्हणाले, जिवंत होता आणि पोराचं तोंड बघायला आला नाही, अशा बापाला मी जन्मभर डोक्यावर घेतलं! नीट जेवतही नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती छाप्याआधीचे हुकूम पुन्हा वाचायला बसली. पकडले गेलो तर तुकडी कळू नये, म्हणून निघण्यापूर्वी सर्वांनी खांद्यावरच्या पट्ट्या उसवून ठेवाव्यात! हा हुकूम तिला तोंडपाठ होता. तिनं भिंतीकडे पाहिलं. फोटोत पट्टी होती. म्हणजे फोटो छाप्यानंतरचा नव्हताच, त्याआधीच्या समुद्रातल्या सरावाचा होता. पट्टी सापडल्याच्या आनंदात ती मुळात तिथे का आहे, हे तिनं विचारलंच नव्हतं.

खरं सांगितलं तर डॉक्टर पुन्हा तोंड दाखवणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. तरी तिनं फोटो उतरवला आणि थेट त्याचं घर गाठलं.

सगळं ऐकून डॉक्टरचे बाबा म्हणाले, "म्हणजे बाई, तुम्ही आमच्या वडिलांना जिवंत केलंत, पळपुटा ठरवलंत आणि आता पुन्हा मारलंत?"

"हो," तिला रडू फुटलं. "चूक माझी आहे."

त्यांनी फोटो मांडीवर घेतला. "आमच्या तसबिरीत ते गंभीर आहेत. आई सांगायची, फार गोड हसायचे... मला वाटायचं, माझी समजूत घालायला सांगते." आणि म्हातारा हुंदके देऊन रडू लागला. "हा इथेच राहू दे, बाई."

डॉक्टर तिच्यामागे पायऱ्यांपर्यंत आला. "तुम्ही गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. पण मग मला तुमच्या डोळ्याला डोळा देता आला नसता."

"म्हणजे... द्यायचाय?"

ती लालबुंद झाली. "शोध संपला. आता तुम्हाला यायला कारण उरलं नाही."

"कमाल आहे!" तो चक्रावून बघतच राहिला. "एवढ्या हुशार तुम्ही, आणि मी कशासाठी येत होतो ते अजून कळलं नाही? प्रेम आहे माझं तुमच्यावर."

आतून बाबांचा आवाज आला, "अरे, तिला दारातून काय घालवतोस? मलाही भूक लागलीय, जेवूनच जाऊ दे तिला!"

"माझंही... आहे तुमच्यावर," ती कशीबशी म्हणाली, आणि पायरीवरून मागे फिरून घरात शिरली.