चिकाची चार बटणं

अनिकेतला जुने कॉम्प्युटर जिवंत करून त्यांवर जुने गेम खेळायचा भारी नाद. डहाणू स्टेशनातली ड्युटी संपली की स्वारी फ्लॉपी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलीच. म्हणून तर बोर्डीच्या वसुमतीकाकूंनी उमेशचा कॉम्प्युटर त्याच्या हवाली केला. उमेश म्हणजे काकूंचा मुलगा, अनिकेतचा जिवलग. गेल्या वर्षी अच्छाडजवळ हायवेवर ट्रकखाली गेला.

"चालू कर रे, पण पुसू नकोस काही," काकूंनी बजावलं होतं.

का, ते अनिकेतला ठाऊक होतं. उमेश वाडीतून चिकू उतरवून आला की हात न धुताच खेळायला बसे. कीबोर्डच्या डावीकडच्या चार बटणांवर चिकूचा चीक वाळून घट्ट बसला होता. त्या खरखरीवरून तो न बघता बटणं ओळखायचा.

पण पिवळं पडलेलं प्लास्टिक या गड्याला बघवेल तर ना! त्याने चीक ब्लेडने खरवडला, पेरॉक्साइड फासून कीबोर्ड गच्चीवर उन्हात ठेवला. संध्याकाळी तो पांढराशुभ्र झाला आणि अनिकेत भानावर आला. हे आपण काय करून बसलो?

रविवारी दुपारी काकू आल्या. बाहेर टळटळीत ऊन. फ्लॉपी घरघरली, पडद्यावर दोन रणगाडे आले. उजवीकडचा अनिकेतचा, डावीकडचा कायम उमेशचा.

डावीकडचं एक बटण आपोआप दबलं. मग शेजारचं. मग भलतंच. रणगाडा नुसता भिंतीवर आपटत राहिला.

"काकू… बघताय ना?"

काकूंनी बोट बटणांवरून फिरवलं.

"धुतलास?"

"हो… चुकलं माझं."

"आला रे तो… आणि त्याला सापडत नाहीये."

पदर तोंडाला लावून त्या बाहेर गेल्या. त्यांच्यामागे जायला अनिकेतला तोंड नव्हतं. शरमेने तो मान खाली घालून बसला.

बटणं थांबली. मग टेबलाच्या लाकडावर टकटक सुरू झाली… हळूहळू, चाचपडत, त्याच्याच दिशेने. टेबलावरचा हात काढून घ्यावा असं त्याला फार वाटलं. पण काढला नाही.

चार गार बोटं त्याच्या मनगटावर चढली आणि दाबून दाबून ती खरखर शोधू लागली.