देवपूरचा आकडा

समीक्षा धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात गेली होती ती तिथल्या रसायनशास्त्राच्या सरांना भेटायला. आणि सर रजेवर! प्रयोगशाळेत होता फक्त त्यांचा विद्यार्थी सुयश, बाह्या वर सारून काचेची नळी निरखत बसलेला.

"जळगावहून आलात? एवढ्या उन्हात, एका आकड्यासाठी?"

"आकडा चांगला असला तर येतात माणसं," ती बोलून गेली, आणि स्वतःच लाजली.

आकडा होता एका मिठाचा. मीठ मोठं अजब. न तापवताही वितळलेलं, तेलासारखं. ते किती दाट, म्हणजे किती सावकाश वाहतं, हे सुयश नळीतून मोजणार. आणि समीक्षा संगणकावर त्याचे कण नि कणांवरचे विद्युतभार मांडून तोच दाटपणा काढणार. दोन्ही जुळले तर तिचं मॉडेल खरं, प्रबंध पार. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात!

दुपारभर तो मोजत होता, ती तिथेच रमली. चहा आला, गारही झाला. निघताना तो म्हणाला, "जुळलं नाही तर पुन्हा यावं लागेल हं."

"आणि जुळलं तर?"

"तर... यायला कारण काय सांगाल?"

जुळलं नाही. तिचं मीठ दुपटीनं दाट निघालं. आता हातानं मोजलेलं खोटं कसं म्हणणार? मॉडेलच चुकलं, असं मार्गदर्शक बाईही म्हणाल्या. झालं! जळगावात, मेहरूण तळ्याजवळच्या भाड्याच्या खोलीत पोरगी एकटी बसून कणांवरचे भार कमी करून बघायला लागली. दाटपणा जुळला की वजनाचा हिशोब, म्हणजे घनता, बिघडायची. संध्याकाळी तळ्यावर माणसं जोडीजोडीनं फिरायची, ही खिडकी लावून घ्यायची. मुक्ताईनगरहून वडिलांचा फोन आला की "हो नाना, जेवले" म्हणायची. जेवलेली नसायची. सुयशला फोन करावासा फार वाटायचा... पण कोणत्या तोंडानं?

एक दिवस त्याचाच आला.

"समीक्षा... तुमचं पहिलंच उत्तर बरोबर होतं. नमुना नीट सुकवून पुन्हा मोजला. दाटच येतोय."

"म्हणजे?"

"त्या दिवशी बाटली उघडी राहिली. हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, पातळ होतं. सरांना सांगितलं, बोलणीही खाल्ली." तो घाबरून घरच्या अहिराणीवर आला. "बठ्ठी चूक मनी शे... सगळी माझीच."

तिला असा संताप आला! "महिनाभर मी स्वतःला खोटं ठरवत बसले! आणि तुम्ही झाकण विसरलात? रोजचं काम तुमचं!"

"रोज नाही विसरत."

"मग त्या दिवशीच कसं? बाईंना काय सांगू मी?"

पलीकडून हळूच —

"तुमच्याकडे बघत होतो..."

समीक्षाला रडू आणि हसू एकदमच आलं.

"हे बाईंना तुम्हीच येऊन सांगा," ती कशीबशी म्हणाली. "आणि सांगून झालं की लगेच धुळ्याची गाडी धरू नका. फार एकटं वाटतं हो इथं... थांबाल?"

"थांबेन," तो म्हणाला.