ओ कोणी दिली?

पॅसेजच्या वळणावर हेमाली त्याच्यावर आदळली, तेव्हा घड्याळात एक वीस झाले होते. त्याच्या हातातलं प्रिंटरचं रिकामं खोकं घरंगळत लांब गेलं.

“अहो, कॉम्प्युटरमधलं कळतं का तुम्हाला?” सॉरी म्हणायचंही तिला सुचलं नाही.

“थोडंफार... पण आधी श्वास तर घ्या, मॅडम!”

तो दातिवऱ्याचा केतन. बोईसरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. सकाळी इथल्या ऑफिसात नवा प्रिंटर बसवून आता निघाला होता.

हेमाली तारापूरच्या या औषध कारखान्यात तपासणीचं काम करायची. इंजेक्शनचे नमुने तपासता तपासता मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यातला संपर्क अचानक तुटला होता. नमुने चारपर्यंतच टिकणार होते. त्यात तिची सहा महिन्यांची उमेदवारी परवा संपत होती, आणि “तूच काहीतरी चुकीचं दाबलं असणार,” असं तिचे वरिष्ठ नरहरी सर दोनदा येऊन सुनावून गेले होते.

केतनने वायर बदलली. मशीन बंद करून चालू केलं. काहीच नाही... अडीच वाजले.

“नखं खाऊ नका,” स्क्रीनवरची नजर न हलवता तो म्हणाला. “जेवला नाय वाटतं?”

“तुम्ही तिकडे बघा ना!”

“तिकडेच बघतोय... पण लक्ष इकडे जातंय, म्हणून तर काम लांबतंय,” तो हसला. तेवढ्या धास्तीतही हेमालीचे कान तापले.

“हे बघा, प्रत्येक मशीनला घरासारखा एक नंबर असतो. त्या नंबरावर कॉम्प्युटर हाक मारतो, मशीनने ओ द्यायची.” त्याने काहीतरी टाइप केलं. स्क्रीनवर उत्तर आलं.

“आली की ओ!”

केतनला मात्र ते पटेना. त्याने मशीनची वायर उपसून हातात घेतली आणि पुन्हा हाक मारली. पुन्हा उत्तर!

“वायर तर माझ्या हातात हाय... मग ओ कोण देतंय?” आणि पुढच्याच क्षणी त्याचा चेहरा उतरला. “प्रिंटर. सकाळी मीच त्याला नंबर दिला... कुणाला न विचारता. नेमका या मशीनचाच.”

प्रिंटरचा नंबर तो इथूनच बदलू शकत होता. कुणाला कळलंही नसतं. त्याने तो बदलला, वायर परत जोडली, आणि मशीन बोलू लागलं.

“आता कुणी विचारलं, तर काय सांगू?” तिने हळूच विचारलं.

“तुमी काय नका सांगू,” तो उठला. “मी सांगतो.”

उरलेल्या नमुन्यांना तासभर लागणार होता. आलेखाची रेघ मुंगीच्या पावलाने सरकत होती. काचेपलीकडे केतन सरांपुढे मान खाली घालून उभा होता. सरांचे हातवारे दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. तिला एकाच वेळी दोन्हीकडे बघायचं होतं...

शेवटचा नमुना तीन बावन्नला संपला. सगळे आकडे बरोबर! सर आत आले, कागद चाळले आणि पुटपुटले, “तुझी चूक नव्हती. त्याने स्वतःच कबूल केलं.”

“कुठे आहेत ते?”

“घालवून दिला. पुन्हा या कंपनीत पाऊल ठेवायचं नाही म्हणून सांगितलंय.”

हेमाली धावली. तो गेटबाहेर बाइकला किक मारत होता.

“थांबा!” धापा टाकत ती म्हणाली. “माझ्यामुळे तुमचं हे...”

“तुमच्यामुळे नाय, माझ्यामुळेच. दुकानातले ओरडतील आता... ओरडू देत. तुमचं काम झालं ना?”

“झालं.” ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत ती उभी राहिली. तो निघाला तर... पुन्हा कुठे दिसणार? “रविवारी... मी केळव्याला असेन. संध्याकाळी, किनाऱ्यावर.”

दुपारभर बडबडणारा केतन गोंधळला.

“तिकडे काय बिघडलंय काय?”

“नाय,” ती म्हणाली, आणि तिची नजर खाली गेली नाही. “काम काहीच नाय. तुम्ही नुसतेच या.”