सगळ्यात मागं देवानंद

चिखलदऱ्याला जायचं ठरलं ते झेंडूचे कॅरेट अकोटच्या बाजारात उतरवता उतरवता. श्रावण लागला होता. गजेंद्र म्हणाला, "दोन दिवस पहाडावर जाऊन येऊ बे. तिथं ढग पायाखालून जाते म्हनते." मनोज लगेच तयार. मनोजला कुठंही बोलवा, तो तयारच असतो, फक्त खिशात हात घालायला सांगू नका. भाकरी-ठेचा घरून घ्यायचा, झोपायचं धर्मशाळेत, फिरायचं पायी. रेनकोट? रेनकोट कशाला! युरियाची रिकामी पोती घरोघरी पडलेली. एक कोपरा दुसऱ्यात खोचला की झाली खोळ. शेतात सगळे तीच घालतात.

तिसरा देवानंद. लहानपणीच्या तापात त्याचा एक पाय वाळला होता. एक पाऊल टाकायचा आणि दुसरं ओढायचा. जमुनाकाकूचा तो एकुलता एक. निघताना काकूनं गजेंद्रचा हात धरला.

"गजू, माह्या पोट्ट्याले मांगं सोडू नको बाप्पा. तो सोताहून थांबा म्हननार नाही."

"काकू, मी हाय न!" गजेंद्र म्हणाला. म्हणायला काय जातं?

या लोकांची एक रीत होती, ती सांगितली पाहिजे. फुलं तोडायला ही माणसं पहाटे, मिट्ट काळोखात निघतात. बांधाची वाट निसरडी, बाजूला विहीर, साप-किरडू वेगळंच. म्हणून पुढचा माणूस थोड्या थोड्या वेळानं हाक देतो, "येऊन राहिला का?" आणि सगळ्यात शेवटचा म्हणतो, "हाव," म्हणजे हो. हाव आला की सगळे आहेत असं समजायचं आणि चालत राहायचं. शेवटचा नेहमी देवानंद. त्याचा हाव जरा उशिरानं यायचा, कारण आधी तो थांबून दम घ्यायचा. इतक्या वर्षांत मागं वळून मात्र कुणी पाहिलं नव्हतं. गजेंद्रनंही नाही.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतीची वेळ झाली आणि धुकं उतरलं. धुकं म्हणजे काय, ढगच. झाडांच्या बुंध्यांना शेवाळाचा ओला, कुजका वास. पानांवरून टपटप पाणी, पण पाऊस नाही. दुपार असून हात लांब केला तर बोटं दिसेनात. मनोजला मात्र अजून एक कडा पाहायचा होता.

देवानंद वाटेतल्या दगडी बाकावर टेकला. पाय सुजला होता. "तुमी या पाहून," तो म्हणाला, "पन येजा बरं परत… मले वाट समजत नाही इथची."

"तू हलू नको. आमी आलोच," गजेंद्र म्हणाला.

कडा पाहिला. पाहिला म्हणजे पांढरं पाहिलं. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. खुशालरावची काळी-पिवळी, परतवाड्याला उतरणारी दिवसाची शेवटची जीप. सीटा भरल्या की खुशालराव सख्ख्या भावासाठी थांबत नाही, हे सगळ्या पहाडाला ठाऊक. कड्यावरून स्टँडकडं एक सरळ पाऊलवाट उतरत होती. बाकावरून जायचं म्हटलं तर लांबचा वळसा. आणि देवानंदला घेऊन? मग तर गाडी गेलीच.

गजेंद्र थबकला. त्याला बाकाकडं जायचं होतं हो, अगदीच निर्दय नव्हता तो. पण पाय सरळ वाटेकडं वळले होते. उगाच मनाच्या समाधानासाठी, सवयीनं, पाठीमागच्या धुक्यात त्यानं हाक टाकली.

"देवा… येऊन राहिला का?"

"हाव."

लगेच आला. अगदी पाठीशी.

"आला वाट्टे लंगड्या!" मनोज हसला. गजेंद्रच्या छातीवरचा धोंडा उतरला. बाक तिकडं, आपण इकडं, आणि देवा मागून कसा आला? हा प्रश्न त्याला पडला होता. खोटं कशाला बोलायचं, पडलाच होता. पण गाडी मिळणार होती. त्यानं तो प्रश्न गिळला आणि भराभर उतरत राहिला. दोनदा हाक दिली. दोन्ही वेळा हाव आला, दम न घेता.

जीपमध्ये सगळ्यात मागच्या सीटवर पोत्याची खोळ ओढलेला माणूस मुकाट बसला. खुशालराव म्हणाला, "झाल्या सीटा," आणि गाडी निघाली. घाटभर गजेंद्र समोर काचेकडं बघत होता.

परतवाड्याला धुकं नव्हतं. खोळवाला आधी उतरला आणि तडक अकोटच्या एसटीकडं चालू लागला. सरळ, दोन्ही पायांनी, पटापट. "देवा!" गजेंद्र ओरडला. तो वळला नाही, बसमध्ये चढला. मनोजही त्याच्यामागं धावत चढला, आणि गजेंद्रच्या खिशात फोन वाजला.

स्क्रीनवर देवानंदचं नाव.

"गजू… तू हलू नको म्हनला न्, म्हून बसलो हाय. मी हाका मारल्या रे… अंधारून आलं. तुमी कुठी?"

बस निघून गेली होती. त्यानं खुशालरावचे पाय धरले. बिचारा आधी शिव्या देऊन, मग गाडी वळवून पुन्हा घाट चढला.

देवानंद बाकावरच होता. डोक्यावर खोळ, गुडघे पोटाशी. गजेंद्रच्या हातात टॉर्च होता, पण त्याच्या तोंडावर उजेड टाकायची हिंमत झाली नाही. लाज वाटली. "मले वाटलं तू मांगून येऊन राहिला," एवढंच कसंबसं म्हणाला.

"मी तं इथंच होतो," देवानंद म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

उतरताना घाटात दरड कोसळलेली होती, ती साफ होईपर्यंत गाडी अडकून पडली. गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा पहाट होत होती, फुलं तोडायची वेळ. दोघं बांधावरून चालू लागले. गजेंद्र पुढं. मागं एक पाऊल, एक घसट. एक पाऊल, एक घसट. आयुष्यभर याचे पाय धुवीन, असं तो मनात म्हणत होता.

काकूच्या घरी दिवा होता. दार उघडंच. काकू डोळे पुसत होती आणि हसत होती.

"आला का गजू? काय जादू केली रे त्या पहाडानं! माहा देवा रातीच आला एसटीनं. लंगडत नाही रे… सरळ चालते माहा पोट्टा! अंगनात धावून दाखवलं त्यानं मले!"

मागची घसट थांबली.

काय करावं ते न सुचून गजेंद्रच्या तोंडून तीच जुनी हाक निघाली. "देवा… येऊन राहिला का?"

"हाव," घरातून आवाज आला. लगेच.

मग थोडा वेळ गेला. पाठीमागं कुणीतरी दम घेतला.

"…हाव."

काकूचं हसू विरलं. तिनं कंदील वर धरला. गजेंद्रच्या खांद्यावरून काळोखात बघत ती हळूच म्हणाली, "गजू… तुह्या मांगं कोन हाय रे?"

घरातला तो चुलीपाशी पाठ करून बसला होता. त्याच्या खोळीतून पाणी निथळत होतं, रात्रभर आगीजवळ बसूनही. काकूचा चेहरा अर्धा भीतीचा, अर्धा आनंदाचा. किती वर्षांनी आनंद आला होता त्या घरी! आणि वळून पाहायचं म्हणजे जे केलं ते पाहायचं.

"कोनी नाही, काकू," गजेंद्र म्हणाला.

मागं एक पाऊल वाजलं, एक घसट. मग हळूहळू दूर, विहिरीच्या अंगानं.

आता काकूचा देवानंद पहाटे सगळ्यांच्या पुढं चालतो. काकूनं गावभर पेढे वाटले. मनोज म्हणतो, पहाडाची हवाच तशी. सगळ्यात मागं आता गजेंद्र असतो, त्यानंच ती जागा मागून घेतली. पुढून हाक येते, "येऊन राहिला का?" गजेंद्र म्हणतो, "हाव." सगळे चालत राहतात.

आणि मग गजेंद्रच्याही मागून, जरा उशिरानं, दम घेऊन येतो तो दुसरा हाव. गजेंद्र अजून वळलेला नाही.